गंध कोणी लावायचं

आमच्या सतीशला बंदुकांचं वेड आहे म्हणे. वेड कसलं, मिरवायची हौस! हा माझा भाचा नोकरीसाठी युरोपात असतो आणि सुटी लागली की कुठल्यातरी म्युझियममध्ये जातो. मागं भिंतभर बंदुका, पुढं हा दात काढून उभा, असे फोटो मला पाठवतो. आणि घरची बंदूक? ती इथं कुंभकोणमच्या म्युझियममध्ये, शेकडो परक्या बंदुकांच्या गर्दीत काचेच्या कपाटात उभी आहे. तिला बघायला साहेबांना सवड नाही.

ती आमची तोड्याची, जळत्या वातीनं बार उडवायची बंदूक. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा पूर्वज ह्या तमिळ मुलखात आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर होती. माझ्या भावानं, म्हणजे सतीशच्या बापानं, सेतुदादानं, ती म्युझियमला दिली, पण अट घालून. दर खंडेनवमीला कपाट उघडायचं आणि आम्हाला पूजा करू द्यायची. मी चंदन उगाळायचं, दादानं गंध लावायचं. तोवर मी चार हात लांब उभी. बायकांनी शस्त्राला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. नवरा गेल्यावर मी माहेरीच राहिले, तेव्हा किती चंदन झिजवलं असेल ते बघा.

मग दादा गेला. त्या वर्षी सण नव्हता, पूजा नव्हती. ह्या वर्षीही चुकली असती तर म्युझियमवाले म्हणाले असते, तुम्हीच सोडलंत. सतीश म्हणाला, "आत्या, मी येतो, गंध मी लावतो." आला का? डोंबलाचा! आदल्या दिवशी फोन. "जमत नाही गं. तू कपाट तेवढं उघडून घे. मी फोनवर बघतो."

गेले. रस्त्यात रिक्षांना केळीचे खुंट बांधलेले, जागोजागी कोहळे फोडलेले, पाय घसरतो की काय असं झालेलं. सुटी म्हणून म्युझियममध्ये ही गर्दी! पोरं बोटांची पिस्तुलं करून फोटो काढत होती.

तिथला नवा अधिकारी सुब्रह्मण्य तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, उघडता येणार नाही. ओल्या गंधानं लोखंड गंजतं."

"तंबी, बाळा, तुझा पणजा जन्मायच्या आधीपासून आम्ही लावतोय. अजून धड उभी आहे ती!"

"नियम आहे, अम्मा."

"आणि शब्द? शब्द दिला होता त्याचं काय?"

मी तिथंच फरशीवर बसले, सहाण मांडली आणि उगाळायला लागले. बंदुका सोडून लोक मलाच बघायला लागले. शेवटी बिचाऱ्यानं किल्ली काढली. "फक्त दस्त्याच्या लाकडाला लावा. लोखंडाला नको."

मी सतीशला व्हिडिओ फोन लावला. आजही त्याच्यामागं बंदुकाच! म्हणजे जमत नव्हतं ते इथं यायला. तिथं जमत होतं.

"उघडलं? वा, आत्या! आता गंध त्या साहेबांकडे दे."

"का?"

"ते लावतील. आपल्यात बायका लावत नाहीत ना. त्यातून तू..." पुढचा शब्द त्यानं गिळला.

विधवा. म्हण की मेल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा सुब्रह्मण्य आमच्या ना कुळाचा, ना गोत्राचा. घटकेपूर्वी कपाट उघडायला तयार नव्हता. पण मिशी आहे ना, झालं तर मग! भांडायला मी, उगाळायला मी आणि लावायला कुणीही चालेल, फक्त मी नको.

"काय म्हणतायत?" सुब्रह्मण्यानं विचारलं.

"म्हणतोय, गंध तुम्ही लावा."

तो मागंच सरला. "मी कसा लावू, अम्मा? तुमच्या घरची आहे ती."

त्या परक्या माणसाला कळलं. मी बोट बुडवलं आणि कपाटात हात घातला. दस्त्यावर दादाच्या बोटाचा जुना पिवळट डाग होता, त्याच्यावरच लावलं. खोटं कशाला सांगू? रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

"आत्या! हे काय केलंस? रीत मोडलीस!"

"मोडली. पुढल्या वर्षी ये. सहाण तुझ्यापुढं ठेवते. तू उगाळ, मी लावीन."