माझी रेघ, मास्तरांची नस

पडद्यावर डाव्या कडेपासून बोटभर अंतरावर एक काळी रेघ दिसते. केसाएवढी बारीक, वरपासून खालपर्यंत सरळ. हात तपासा, पाय तपासा, ती तिथेच असते.

मित्रांनो, ती रेघ माझी आहे. मी सोनोग्राफीचा एक जुना प्रोब आहे. माझ्या तोंडाशी स्फटिकाच्या बारीक पट्ट्या ओळीने बसवलेल्या आहेत. माणसांना ऐकू न येणारा आवाज मी कातडीतून आत सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीतून चित्र उमटतं. नवा होतो तेव्हा माझ्या चित्रांची सगळे वाखाणणी करत. मग एकदा माझ्या लोंबत्या वायरीत कुणाचा तरी पाय अडकला, मी फरशीवर आपटलो आणि एक पट्टी कायमची मुकी झाली. माझ्या जागी नवा प्रोब आला. मी कपाटात गेलो.

मूत्रपिंडं थकली की पायांच्या नसांचं, म्हणजे स्पर्श-वेदना मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचं, काय होतं, हे शोधणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला पुन्हा बाहेर काढलं. संशोधनाला नवी वस्तू कोण देतं?

त्यांच्याकडे मूत्रपिंडं थकलेले एक टेलर मास्तर येत. शिलाई मशीन सोडून आले तरी त्यांचे पाय थांबत नसत. तळव्यांची आग होई, पोटऱ्या ओढत, आणि घोट्यावर टेकवलेला मी सारखा घसरत असे. मूत्रपिंडं किती काम करतात ते मोजायला दिवसभराची लघवी कॅनमध्ये जमवायची होती. मास्तर दर वेळी दुपारची जमवायची विसरत आणि मग, मोजमापच चुकलं म्हणून हात वर करत. डायलिसिसचा विषय पुढच्या खेपेवर जाई.

"विसरत कसले," त्यांची बायको म्हणाली. "कॅन घरी ठेवून मुद्दाम दुकानात जाऊन बसतात."

"तू गप गं. डॉक्टर, रक्ताचा आकडा खालीवर होतोच की. आणि नसेचं म्हणाल तर तुमचं यंत्रच फाटकं आहे. ती बघा रेघ."

मित्रांनो, मला तेव्हा अगदी चैन पडेना. माझी जखम त्यांना निमित्त म्हणून सापडली होती, आणि मला बोलता येत नव्हतं.

डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी मला घोट्यावर अलगद सरकवलं. "मास्तर, पडद्याकडे बघा. मी प्रोब हलवतेय. रेघ हलली?"

"नाही."

"आणि हा गोल ठिपका?"

"तो सरकला."

"रेघ प्रोबची आहे म्हणून प्रोबबरोबर राहते. ठिपका तुमची नस आहे." मग त्यांनी स्वतःची चप्पल काढली, पाय स्टुलावर घेतला आणि मला आपल्या घोट्यावर धरलं. रेघ तीच, तिथेच. नस मात्र बारीक, मास्तरांच्या नसेच्या जवळजवळ निम्मी.

मास्तर बघत राहिले. कापडातला फरक ओळखणारे डोळे होते ते.

"सुजलीय माझी," ते म्हणाले.

"हो. रक्तात साठलेल्या घाणीने. आधीचं सगळं भरून येईल असं मी सांगत नाही. पण पुढचं थोपवता येईल."

"काल टाचेत टाचणी घुसली होती," बायको हळूच म्हणाली. "यांना पत्ताच नाही. मोजा लाल झालेला मला दिसला."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. वायर लोंबती ठेवू नका, काम झालं की तोंडावरचं चिकट जेल पुसा. पण माझ्यावाचून काही अडत नाही, कपाटातून दुसरा प्रोब काढता येतो. मास्तरांना तसे दुसरे पाय कुठून आणणार?

त्यांचे पाय अजून हलतच होते. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर हात दाबून धरले.

"इतकी वर्षं लोकांची मापं घेतली," ते म्हणाले, "आणि स्वतःचं द्यायची वेळ आली तेव्हा टेपच लपवला." मग बायकोकडे न बघता ते डॉक्टरांना म्हणाले, "डायलिसिस सुरू करा."