चौथ्या ग्लासाचे शब्द

दादांनी तिसऱ्या ग्लासातल्या टकीलाचा घोट जिभेवर फिरवला, बादलीत थुंकला आणि मान हलवली. "हिनं लाकडी पिंप पाहिलेलंच नाही. नुसता रंग आणि व्हॅनिला."

"पाठवणाऱ्यानं तर वर्षभर मुरवलेली म्हणून पाठवलीय," प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या.

"म्हणेना का! ती पहिली पांढरी बघा. तिलाही लाकूड माहीत नाही, पण मूळच्या भाजलेल्या घायपाताचा वास कसा सरळ येतो. दुसरी थोडे महिने पिंपात राहिली, मवाळ झाली. चौथी खरी मुरलेली. आधी लाकूड, मागून मध. ही तिसरी सोंग आणतेय."

बाईंनी तिसरीवर फुली मारली. टकीलाच्या बाबतीत दादांच्या शब्दापुढे कंपनीत कुणी ब्र काढत नसे.

हेच नाक घरी मात्र नडलं होतं. धाकट्या भावानं नवं घर घेतलं तेव्हा पाहुण्यांनी भरलेल्या टेबलावर दादा सहज बोलून गेले, "तेल जुनं दिसतंय." भावजय जी आत गेली, ती पाहुणे उठेपर्यंत बाहेर आली नाही. त्यानंतर त्या घरून बोलावणं आलं नाही. दादांचं लग्न झालेलं नव्हतं. अत्तर नको, कांदा नको, अशा माणसाशी कोण संसार करणार, असं ते स्वतःच हसून म्हणायचे. हल्ली ते ऐकायलाही कुणी नसायचं.

म्हणून त्या संध्याकाळी दारात धाकटा दिसला, तेव्हा दादा क्षणभर "ये" म्हणायचंच विसरले.

धाकट्यानं पिशवीतून टकीलाची बाटली काढली. "पोरानं पहिल्या पगारातून आणलीय. म्हटलं, उघडायची तर दादाच्याच हातानं."

दादांनी दोन ग्लास भरले.

"मला डॉक्टरनं बंद केलीय रे," धाकटा म्हणाला. "तू सांग. खरं सांग हं. पोराला कळवायचंय."

दादांनी ग्लास नाकाशी नेला. रंग. व्हॅनिला. वरून साखर. त्यांनी घोट घेतला. थुंकायला बादली नव्हती, आणि असती तरी भावासमोर ते थुंकले नसते. ते गिळून म्हणाले, "चांगली मुरलीय. आधी लाकूड येतं. मागून मध."

"काय सांगतोस!" धाकट्यानं तिथल्या तिथे पोराला फोन लावला. "अरे, दादाला आवडली! हो, आपल्या दादाला! नाव नाही ठेवलं त्यानं!" पलीकडे हशा उसळला. भावजयीचा आवाज दादांनी बरोबर ओळखला. तीही हसत होती. दादा खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

पण फोन त्यांच्याकडे आला नाही. धाकटा उठला. "निघतो. जेवायला थांबलेत सगळे. बाटली ठेव तुला, आवडलीय ना?"

"बस की थोडा वेळ."

"पुढच्या वेळी. तू ये ना एकदा घरी."

"कधी येऊ?" दादांनी विचारलं. तोवर धाकटा जिना उतरायला लागला होता, आणि त्याचा फोन पुन्हा वाजत होता.

दादा आत आले. भावासाठी भरलेला ग्लास टेबलावर तसाच होता. तो बाटलीत परत ओतावा, असं एकदा त्यांच्या मनात आलं. मग ते भावाच्याच खुर्चीत बसले, ग्लास उचलला आणि न हुंगता पिऊन टाकला.