एक्केचाळीस सेकंदांचा टोपीवाला

०००

वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, आम्ही चौघं दादाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसतो आणि जगातले सगळ्यात प्रभावी गिटारवादक कोण यावर भांडतो. चौघं म्हणजे मी, माझा थोरला भाऊ आणि त्याचे शाळेपासूनचे दोन मित्र. त्यातला एक मास्तर. गणित शिकवायचा, निवृत्त झाला, पण वही सुटली नाही. दहा जणांची यादी तोच लिहितो, पेन्सिलीने. दुसरा चष्मेवाला. मागच्या गल्लीत त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दादा रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. आता लोक त्याच्याकडे इस्त्र्या आणतात आणि तो तोंड वाकडं करून त्या दुरुस्त करतो.

मी छोटी. वय चोपन्न.

यादीत खरी नावं नसतात. आमच्याकडे कॅसेटी यायच्या त्या तिसऱ्या-चौथ्या हातातून, कव्हराशिवाय. कोण वाजवतंय हे कधी ऐकीव कळायचं, कधी कळायचंच नाही. मग आम्हीच बारशी केली. उजव्या हाताची गिटार उलटी धरणारा तो डावरा. वाकून, एका पायावर सरकत वाजवणारा तो बदक. कारखान्यात बोटांची टोकं गेली, तेव्हा प्लास्टिक वितळवून टोकांना टोपणं करून घेणारा तो बूच. या सगळ्यांच्या आधी प्रार्थनेची गाणी विजेच्या गिटारवर दणकावणारी ती बाई. नंतर खरी नावं कळली, पण तोवर उशीर झाला होता. आपल्या मावशीचं पाळण्यातलं नाव कळून काय उपयोग?

आणि टोपीवाला. त्याला टोपी होती की नाही, कोणाला माहीत. कॅसेटवर दादाने टोपी काढली होती, एवढंच.

०३८

"पहिली बाई," मास्तर म्हणाला. "ती नसती तर बाकीचे नऊ घरी बसले असते."

"बूच," दादा म्हणाला.

"तुझं दरवर्षी बूच!" मास्तर म्हणाला.

"अरे, त्याने बोटं दुरुस्त केली रे! स्वतःची! त्या बदकाने काय केलं? चाल बदलली."

"छोटे, तुझं?"

"डावरा," मी म्हणाले. माझं लक्ष नव्हतं. माझ्या पर्समध्ये एक कॅसेट होती.

"मी सांगायला नकोच," चष्मेवाला म्हणाला. "टोपीवाला. पहिला. मधे कोणी नाही."

"ज्याला जगात कोणी ओळखत नाही तो पहिला?" मास्तरने पेन्सिल कानावर ठेवली. हे तो वर्गातही करायचा म्हणे. "पुन्हा सांगतो, प्रभाव म्हणजे चांगलं वाजवणं नव्हे. त्याच्यामुळे दुसऱ्याने काय केलं, ते."

"म्हणून तर म्हणतो. बदकामुळे हजार पोरांनी गिटार हातात घेतली. टोपीवाल्यामुळे मी खाली ठेवली. हातात काय, कोणीही घेतं. खाली ठेवायला लावणारा एकच."

या वाक्याला आम्ही दरवर्षी हसतो. मास्तर हसला. दादाही हसला, पण हातातल्या इस्त्रीकडे बघत. मला हसता आलं नाही.

०१२ (मागे घेतलं)

तेव्हा त्याला कोणी चष्मेवाला म्हणत नसे. तेव्हा तो गिटारवाला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, नखं एका हाताची वाढलेली, दुसऱ्याची मुळापर्यंत कापलेली. आणि मी एकोणीस वर्षांची, दुकानात कॅसेट भरून द्यायचं काम माझं. दोन कॅसेट डेक शेजारी ठेवलेले, दोन्हींवर टेप कुठवर फिरली ते दाखवणारे तीन आकडे. डावीकडचा वाजवायचा, उजवीकडचा भरायचा. दिवसाला दहा-बारा कॅसेटी. गावात ज्याच्या हातात गिटार होती, त्याच्या घरी मी भरलेली कॅसेट होती.

टोपीवाल्याच्या कॅसेटमध्ये दुसऱ्या गाण्यात गाणारा थांबतो आणि गिटार एकटी सुटते. आम्ही त्याला नुसतं 'तुकडा' म्हणायचो. गिटारवाला रोज संध्याकाळी यायचा, काउंटरच्या आत स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "छोटे, लाव पुन्हा."

मी लावायचे. तो टेपबरोबर वाजवायचा. पहिल्या दोन ओळी टोपीवाल्याच्या खांद्याला खांदा लावून जायचा. तिसऱ्या ओळीला बोटं मागे पडायची.

"लाव पुन्हा."

टेपशी सूर जुळावा म्हणून त्याला तारा पिळून दोन घरं, म्हणजे एक पूर्ण सूर, वर चढवाव्या लागत. पातळ तार महिन्यातून दोनदा तुटायची, एकदा तर गालावर ओरखडा उठला. "या माणसाच्या तारा कशाच्या आहेत?" तो म्हणायचा. गावातले सगळेच तसं चढवून वाजवायचे. गाणाऱ्या मुलांच्या मानेच्या शिरा फुगायच्या. आम्हाला वाटायचं, मोठी गाणी अशीच असतात, अवघड.

दोन वर्षं. मग एक दिवस तो आला, स्टुलावर बसला नाही. गिटार पुतण्याला दिली म्हणाला. काकांच्या ओळखीने चष्म्याच्या काचा घासायचं काम मिळालंय.

"अरे पण का?"

"माझ्या बोटांत ते नाही, छोटे. दोन वर्षांत कळायला हवं माणसाला."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मी पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेट लावली.

(इथे थोडी नुसती खरखर आहे.)

०९०

परवा माझी मुलगी स्वयंपाकघरात फोन घेऊन आली. "आई, तुमचा टोपीवाला सापडला. हेच ना?"

मी ऐकलं. "नाही गं. कोणीतरी नक्कल केलीय. हा मंद वाजवतोय. आणि खालच्या सुरात."

"मूळ रेकॉर्ड आहे आई ही. त्यावर वर्षसुद्धा आहे."

मी ओला हात पदराला पुसला आणि पुन्हा ऐकलं. चूक एकही नव्हती. प्रत्येक सूर माझ्या ओळखीचा होता. फक्त सगळा माणूस दोन घरं खाली बसला होता, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

काल दादा जेवायला घरी गेला तेव्हा मी दुकानात माळ्यावरून डावीकडचा डेक खाली काढला. चार स्क्रू. झाकण उघडलं आणि मला माझंच अक्षर दिसावं तसं ते दिसलं. मोटरच्या छोट्या पुलीवर चिकटपट्टीचे वेढे. काळे पडलेले, पण माझेच. रबरी पट्टा ढिला होऊन घसरत होता, नवा मिळेपर्यंत म्हणून मी पुली थोडी जाड केली होती. पट्टा घट्ट बसला, डेक चालू झाला, शाबासकी मिळाली. नवा पट्टा कोणी आणला नाही. पुली जाड झाली की डेक वेगाने फिरतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सतरा वर्षांची होते आणि मला फार हुशार वाटत होतं.

फोनवर तुकडा एक्केचाळीस सेकंदांचा. आमच्या डेकवर साडेछत्तीस.

मग मी खणातल्या कॅसेटी उपसल्या. मला एक आठवत होती. त्या दोन वर्षांत कधीतरी गिटारवाल्याने टेप न लावता, नुसता एकट्याने तुकडा वाजवला होता आणि मी माईक लावून उजवीकडच्या डेकवर भरला होता. तो डेक बिनचूक. त्याला मी कधी हात लावला नव्हता.

सापडली. घड्याळ लावून ऐकली. तीनदा ऐकली.

एकोणचाळीस सेकंद.

१३३

सांगायचं कसं?

'तुला जमत होतं. तू त्याच्याहून जलद होतास. तुला जमत नव्हती ती माझी चिकटपट्टी.' हे एकसष्ट वर्षांच्या माणसाला चहा पिता पिता सांगायचं? त्याचं एक नीट बसलेलं आयुष्य आहे. दुकान आहे, जावई आहेत, वर्षातून एकदा हसवणारं एक वाक्य आहे. ते वाक्य काढून घेतलं तर त्याच्या जागी मी काय ठेवणार?

आणि न सांगता कसं बसायचं? तो म्हणणार, माझ्या बोटांत नव्हतं, आणि मी मान हलवणार. पस्तीस वर्षं हलवली, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. आता हलवली तर ते खोटं.

१७१

"एक ऐकवते," मी म्हणाले. "नवीन माणूस. यादीत घ्यायचा का सांगा."

कॅसेट उजवीकडच्या डेकमध्ये घातली आणि बटण दाबलं.

तुकडा सुरू झाला. मास्तर मान डोलवू लागला. दादाने इस्त्री खाली ठेवली. त्याने पहिल्याच ओळीत ओळखलं होतं, हे मला त्याच्या कानांवरून कळलं.

चष्मेवाला डोळे मिटून ऐकत होता. "टोपीवाल्याचं वाजवतोय. बरा आहे... उजव्या हातात घाई आहे जरा, कोणीतरी मागे लागल्यासारखी." तिसरी ओळ आली. तो पुढे झुकला. "अरे! गेला की सरळ! कोण आहे हा? इतकी वर्षं कुठे होता? मास्तर, लिही याला."

"नाव?" मास्तरने पेन्सिल काढली.

शेवटचा सूर विरला. मग टेपवर स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि एक तरुण आवाज म्हणाला, "नाही जमत. बंद कर, छोटे."

मी बंद केलं.

पंखा फिरत होता. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. हे तो गिऱ्हाइकांना कधी करू देत नाही.

मी सगळं सांगितलं. पुली, पट्टा, साडेछत्तीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस. मास्तरने ते तीन आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"कालपासून."

"आणि तुला?" त्याने मान न वळवता दादाला विचारलं.

मला वाटलं, दादाला कसं माहीत असेल? पण दादा म्हणाला, "तू गिटार दिलीस त्याच्या पुढच्या महिन्यात डेक उघडला होता."

"आणि झाकण परत लावलंस."

"तू काचा घासायला लागला होतास. खूश दिसत होतास."

"दिसत होतो."

"मी काय करायचं होतं? तुझ्या पुतण्याकडून गिटार हिसकावून आणायची होती?"

"हो!" चष्मेवाला इतक्या जोरात म्हणाला की बाहेरून जाणाऱ्याने वाकून शटरखालून पाहिलं. "हो. तेच करायचं होतंस. पस्तीस वर्षं मी लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासतोय, आणि तू..." त्याने वाक्य सोडून दिलं. चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा चढवला.

 मास्तरने गरज नसताना पेन्सिलीला टोक केलं.

"ती पट्टी काढ, छोटे," शेवटी चष्मेवाला म्हणाला. "आणि टोपीवाल्याची मूळ कॅसेट लाव. मला ऐकू दे त्याला."

पट्टी एका दमात निघाली नाही. तिचा काळा चिकटा माझ्या नखांत गेला. दादाने खणातून नवा पट्टा काढून दिला. त्याच्याकडे तो होता. मापाचा होता. किती वर्षं होता, मी विचारलं नाही.

डेक फिरला. टोपीवाला सावकाश, खाली बसून, वाजवून गेला. एक्केचाळीस सेकंद.

"एवढंच?" चष्मेवाला म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "चांगला आहे. आरामात आहे. याने कोणाचंच काही बिघडवलं नाही." मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता माझी पाळी.

"माझी कॅसेट लाव पुन्हा."

२१४

तीनदा ऐकली. दर वेळी तुकडा संपला की तो हात वर करायचा, आणि मी ते वाक्य यायच्या आत थांबवायचे. चौथ्यांदा म्हणाला, "ते शेवटचं पुसता येईल का?"

"त्यावर काहीतरी भरलं तर."

"भर."

मी माईक लावला. काउंटरवर त्याच्यासमोर ठेवला. आकडा २१४ वर आणून बटण दाबलं आणि त्याला खूण केली. त्याने घसा साफ केला, माईककडे झुकला, आणि बोलला नाही. टेप फिरत राहिली. २१५. २१६. त्याच्या डाव्या हाताची बोटं काउंटरच्या कडेवर तिसरी ओळ चालत होती, थोडी अडखळत, पण चालत होती. त्याचं तिकडे लक्ष नसावं.

आता ती कॅसेट अशी आहे. आधी एकोणचाळीस सेकंद गिटार. मग पंख्याची घरघर. मास्तरच्या पेन्सिलीची करकर. दादाचं नाक शिंकरणं. आणि मग, अगदी जवळून, एकसष्ट वर्षांचा आवाज:

"मास्तर, टोपीवाल्याला चौथा लिही. फार तर चौथा."