सावित्रीचे कान

“ओरडू दे. ओरडतेय म्हणजे नस जिवंत आहे,” पेटीचं हँडल फिरवत तो म्हणाला.

स्वतःला कानाचा डॉक्टर म्हणवणाऱ्या ह्या इसमाने फोंडाघाटच्या बाजारात एका बंद दुकानाच्या ओट्यावर बस्तान मांडलं होतं. लाकडी मुठींच्या दोन पितळी दांड्या त्याच्या मदतनिसाने सावित्रीच्या कानांना लावून धरल्या होत्या आणि दांड्यांच्या तारा विजेच्या पेटीत गेल्या होत्या. बारा वर्षांची पोर तडफडत होती. तिचा बाप धोंडू तिचे खांदे दाबून बसला होता.

आई रुक्मिणी दातओठ खात बघत होती. ह्याच्याआधी एका वैदूने बहिऱ्या पोरीच्या कानांमागे बिब्ब्याचे चटके दिले होते. दुसऱ्याने कढत तेल ओतलं, मग महिनाभर पू वाहिला. त्याआधी निदान देवळात ढोल वाजला की सावित्री टाळ्या पिटायची. त्यानंतर ढोल शेजारी वाजला तरी तिची मान वळली नाही. तेलवाला मात्र पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

“पुरे आता. सोडा तिका,” रुक्मिणी म्हणाली.

“अगो, वायच कळ काढ. डॉक्टर म्हणतत, गुण येतलो,” धोंडू म्हणाला.

हँडल पुन्हा गरगरलं. सावित्रीचा परकर ओला झाला. जमलेल्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं.

रुक्मिणी उठली. तिने मदतनिसाच्या हातातल्या दांड्या हिसकावल्या आणि हँडल थांबायच्या आत डॉक्टरच्याच कानांवर दाबल्या. तो किंचाळून मागे कोसळला.

“बोंबलतंस कित्याक रे? तुजी नस जिती आसा मां?”

“गो, लोक बघतत!” धोंडू कळवळला.

“बघांदेत! माज्या चेडवाक ढोल आयकाक येय होतो. तुमच्या डॉक्टरांनी तोय घेतल्यानी. आता कोणीय तिच्या कानाक हात लावूचो नाय. तुमीय नाय!”

धोंडूने पोरीच्या खांद्यांवरचे हात काढले.

एस.टी. आली तेव्हा सावित्री गटारापलीकडच्या दगडावर पाठमोरी बसली होती.

“सावित्री!” धोंडूने सवयीने हाक मारली. पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो वळसा घालून तिच्यासमोर उकिडवा बसला, गाडीकडे बोट केलं आणि तिला उठवायला हात पुढे केला.

सावित्रीने त्या हाताकडे पाहिलं. मग आपली आपण उठली, ओला परकर सारखा केला आणि आईच्या मागोमाग गाडीत चढली.