टीव्हीखालचा खोटा दिवा

मी टीव्ही गेमचा डबा. जरा हळूच बोलतो, कारण जे सांगायचंय ते छाती काढून सांगण्यासारखं नाही. शिरूर तालुक्यात, इनामगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठी हौसरावांची वस्ती आहे. झेंडूची शेती. त्यांच्या घरात मला पंचवीसेक वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी मी लाजेतच काढली.

लाज तशी जन्मापासूनची. जपानात कुणीतरी एक झकास मशीन काढलं, आणि ते बघून चीनमधल्या एका कारखान्यात माझ्यासारखे डबे भराभर ओतले गेले. म्हणजे मी नक्कल. पण खोक्यावर रुबाब केवढा! हजारो गेम असं छापलेलं. आत खरे वीसेक, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. शिरूरच्या दुकानदारानं वर आणखी ठोकून दिलं, की हा कम्प्युटरच आहे, पोरं हुशार होतील. हौसरावांनी विश्वास ठेवला. मला तोंड असतं तर तिथंच सांगितलं असतं, अहो, नका नेऊ मला.

घरात दोन पोरं. थोरला पृथ्वीराज, धाकटी सारिका. पृथ्वीराज चार दिवस खेळला आणि बॅट घेऊन पळाला. चिकटले ते सारिका आणि हौसराव. हौसरावांना पोरं आबा म्हणतात. रणगाड्यांचा एक गेम होता, दोघांनी मिळून खेळायचा. आबा पुढं घुसून गोळ्या झाडणार, सारिका मागं किल्ल्याची राखण करणार. शेतात कुणाला एक शब्द जास्त न बोलणारा हा माणूस माझ्यासमोर बसला की मांडी थोपटून हसायचा. आई, म्हणजे साखरबाई, वैतागायच्या. फुलं तोडायला माणूस मिळेना आणि इथं बापलेकीची लढाई चाललीय, असं त्या चुलीपाशी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायच्या.

पण दसऱ्याला साखरबाई दुजाभाव करत नसत. कोयते, फवारणीचा पंप, मोटरचा स्टार्टर आणि मी, सगळे एका ओळीत पाटावर. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडूची माळ. माझं कपाळ त्यांना कुठं दिसावं? कॅसेट घालायच्या फटीत! तिथं पाणी शिंपडून ओल्या बोटानं चांगलं चिमूटभर कुंकू. बाकीचे पोटाला घालणारे, मी नुसता वेळ खाणारा, आणि पूजा सारखीच. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते कुंकू वर्षानुवर्षं आत झिरपत गेलं आणि एका दसऱ्यानंतर मी चालू झालोच नाही. सारिकानं फटीत फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले. पुढं तिचं लग्न होऊन ती दौंडला गेली आणि मी पोत्यात बांधून माळ्यावर गेलो.

गेल्या वर्षी आबांच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, काठी घेऊन चालायलाही लागले, पण उजवा हात लुळा राहिला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, हात वापरत राहा, नाहीतर तो कायमचा जाईल. दाबायला रबरी बॉल दिला. आबा तो बॉल हातात धरायचे नाहीत. कुणी भेटायला आलं की हात टॉवेलखाली. आख्ख्या वस्तीची फुलांची क्रेटं एकट्यानं टेम्पोत चढवणारा गडी, त्याला लोकांसमोर लहान पोराचा बॉल दाबायची लाज वाटायची. घरातले सांगून थकले. हात दिवसेंदिवस आखडत चालला.

तेव्हा सारिकाला माझी आठवण झाली. बॉल दाबत नाहीत ना, मग गेमचं बटण तरी दाबतील, असा तिचा हिशोब. पृथ्वीराज आता सणसवाडीच्या कारखान्यात मेंटेनन्सला असतो. तो म्हणाला, त्या डब्याच्या नादी लागू नको, माझ्या लॅपटॉपवर इम्युलेटर टाकतो. म्हणजे असं सॉफ्टवेअर, की लॅपटॉपनंच माझं सोंग घ्यायचं. तेच गेम, तोच आवाज, शिवाय वेग कमी करता येतो, बटणं हवी तिथं लावता येतात. सारिका ऐकेना.

"दादा, आबांच्या बोटाला तीच बटनं म्हाईत हायेत," ती म्हणाली. "मला नक्कल नको. जे खरं हाय तेच पायजे."

खरं! माळ्यावर पोत्यात पडल्या पडल्या मला घाम फुटला.

तिनं मला शिरूरला मल्हारीच्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं. मल्हारीनं मला उघडलं, फटीतलं कुंकू काडीनं खरवडून काढलं आणि हसत म्हणाला, ताई, हा तर डुप्लिकेट माल आहे. माझी गोष्ट अशी चारचौघांत उघडी पडली. सारिकानं नुसतं 'असू द्या' म्हटलं आणि मला कुशीत धरून घरी आणलं. तिचं ते धरणं मला जास्त लागलं.

आबांना त्या दिवशी खरंच हुरूप आला होता. दाढी करून, टोपी घालून टीव्हीसमोर बसले. मी चालू झालो, रणगाडे दिसले. डाव्या अंगठ्यानं आबांनी गाडी वळवली. उजव्या अंगठ्यानं मात्र गोळी सुटेना. माझी बटणं बोटाच्या पेराएवढी, त्यातून कडक. आबा अंगठा टेकवायचे आणि तो घसरायचा. आबांची एक गाडी फुटली, दुसरी फुटली, तिसरी फुटली. सगळं घर बघत होतं. आबांनी हात टॉवेलखाली घेतला, बंद करा म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले. ज्याच्यासाठी मला माळ्यावरून काढलं त्यालाच मी घरात उघडं पाडलं. सारिका माझी वायर गुंडाळत रडत होती.

पुढच्या रविवारी पृथ्वीराज कारखान्याच्या भंगारातून, सायबाला विचारून, एक बटण घेऊन आला. प्रेस मशीनवर असतं ना, तळहाताएवढं, लाल, पंज्यानं दाबायचं, तसलं. ते त्यानं लॅपटॉपला जोडलं. आता अंगठ्याची गरजच नव्हती, सगळा पंजा टेकवला की गोळी सुटणार. पण आबांनी बघायलाही नकार दिला. ही आजाऱ्याची खेळणी माझ्यापुढं आणू नका, आपला जुना डबा असेल तर बसतो, नाहीतर राहू द्या, असं त्यांनी सांगून टाकलं. जुन्यापाशी हरणं चाललं असतं त्यांना, पण आजारी म्हणून वेगळं काही नको होतं.

आणि मग खऱ्यासाठी भांडणाऱ्या सारिकानंच खोटं केलं. लॅपटॉप टीव्हीमागच्या कपाटात लपवला. मला टीव्हीखाली समोर ठेवलं, प्लग लावला, माझा लाल दिवा पेटला. टीव्हीला जाणारी वायर मात्र माझी नव्हतीच, लॅपटॉपची होती. आबांना तिनं सांगितलं, की मल्हारीनं आपल्याच डब्याला मोठं बटण बसवून दिलंय, तो सगळ्यांनाच तसं बसवून देतो. साखरबाईंनी मान हलवून साक्ष दिली.

आबा बसले. पंजा बटणावर आपटला आणि गोळी सुटली. रणगाडा फुटला. आबा इतक्या महिन्यांनी हसले.

त्या दिवसापासून रोज दुपारी खेळ चालू. आधी पंजा नुसता आपटायचा, मग दाबला जायला लागला, मग बोटं हळूहळू सुटी व्हायला लागली. घर आनंदात होतं. मी तेवढा शरमेनं जळत होतो. आयुष्यभर नक्कल म्हणून जगलो, पण निदान काम तरी स्वतः करत होतो. आता माझी नक्कल काम करत होती आणि मी तिच्यापुढं अस्सलाचं सोंग घेऊन बसलो होतो. आबा माझ्याकडं बघून 'शाब्बास' म्हणायचे तेव्हा हा दिवा फुटला तर बरं असं वाटायचं.

परवा सारिका दौंडहून आली होती. दोघं खेळत होते, साखरबाई बाजूला माळा ओवत होत्या, पृथ्वीराज सुट्टीवर घरीच होता. मधेच आबा पुढं वाकले. उजवा हात माझ्याकडं आणला. माझं चालू-बंदचं बटण बारीक आहे, एका बोटानंच सरकवावं लागतं. आबांचं बोट दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते सरकवलं आणि माझा दिवा विझला.

टीव्हीवर रणगाडे चालतच होते.

साखरबाईंची सुई थांबली. पृथ्वीराज खाली बघायला लागला. सारिका म्हणाली, "आबा, चुकलं आमचं. तुम्हाला फसवलं."

"फसवलं कुठं?" आबा म्हणाले. "पैल्या दिवशीच वायर बघून कळलं व्हतं मला. माझी लाज झाकली तुमी. आता झाकायचं कारण न्हाई."

आणि तो हात टॉवेलखाली न नेता त्यांनी सगळ्यांसमोर मांडीवर ठेवला.

लॅपटॉप आता कपाटातून बाहेर आलाय, उघड्यावर असतो. मी त्याच्या शेजारी गपगार पडून आहे. लाज गेली असं म्हणणार नाही, ती माझ्या जातीतच आहे. पण माझं बटण आबांच्या त्याच लुळ्या हाताच्या बोटानं सरकलं, तेवढं एक काम मी खरं केलं. म्हणून हात जोडून एकच मागणं आहे. कुणी कौतुकानं माझा दिवा पुन्हा लावू नका. तो आबांनी बंद केलाय, तसाच राहू द्या.