रंभाबाईची कोरी कार्डं

"तीन आलीत आज. सुट्टे द्या हां, मागच्या वेळी पण घोळ झाला," पोस्टमन ज्ञानेश्वर काउंटरवर कार्डं ठेवत म्हणाला.

महिपत गल्ल्यात हात घालणार, तेवढ्यात त्याच्या मुलाने, सुयोगने कार्डं उचलली. "बघा बाबा. हा लिहितो, मुलीच्या लग्नाला या. ह्याचं नुसतं 'सगळं ठीक'. तिसरं तर कोरंच! टपाल आपण भरायचं, वर पोस्टाची फी आपणच. फुकट मिळालं की लोकांना काय पण सुचतं."

शहापूरच्या बाजारात महिपतचं कानाच्या यंत्रांचं दुकान होतं. बहिऱ्या माणसाला 'फोन करा' म्हणणं म्हणजे त्याची थट्टाच, म्हणून त्याने ही जबाबी कार्डं छापून घेतली होती. यंत्र बिघडलं की गिऱ्हाइकाने कार्ड पेटीत टाकायचं. तिकीट नको, पत्ता लिहायला नको. कार्ड आलं की महिपत पिशवी खांद्याला लावून निघायचा. पण हल्ली लोक यंत्रंसुद्धा मोबाईलवरून मागवू लागले होते. दुकान कसंबसं तग धरून होतं आणि कार्डांचा खर्च काही चुकत नव्हता.

"सगळे सारखे नाय रे," महिपत म्हणाला. "ती मुरबाडकडची रंभाबाय बघ. यंत्र नेल्यापासून एक कार्ड नाय. मस्त चाललंय तिचं."

"मग तिला कार्ड लागतंच कशाला?"

या कार्डांचा पोस्टाचा परवाना याच महिन्यात संपत होता. तो पुन्हा काढायचा नाही, असं ठरलं. परवाना संपल्यावर कार्डं दुकानापर्यंत पोहोचली नसती आणि लोक बिचारे वाट बघत बसले असते. म्हणून गावोगाव जाऊन ती परत घ्यायचं काम महिपतने अंगावर घेतलं. मनाला लागलं होतं, पण पोराचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

रंभाबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिचा नवरा महादू कुठे दिसत नव्हता. महिपतने हाक मारली, पुन्हा मारली. ती आपल्याच नादात. शेजारची सरिता कुंपणापलीकडून ओरडली, "हात लावा तिला, भाऊ. तिला कुठं ऐकू येतंय!"

महिपत पडवीत चढला. त्याने तिच्या खांद्याला हात लावला तशी म्हातारी दचकली, मग ओळखून हसली. आत जाऊन तिने एक डबा आणला. त्यात यंत्र होतं, आणि दोऱ्याने बांधलेली सगळी कार्डं, त्याने दिली होती तशीच.

महिपतने यंत्र उघडलं. बॅटरी नवी होती. नळीत कानाचा मळ घट्ट बसला होता, बाकी काही नाही. बारीक तारेने त्याने तो काढला, फुंकर मारली आणि यंत्र तिच्या कानात बसवलं. चहाला उकळी यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

परसात कोंबडी ओरडली. रंभाबाईचा हात सुपातच थांबला.

"कधीपासून बंद होतं, मावशी?"

"झाला असंल वरीस, दीड वरीस."

"मग कार्ड का नाय टाकलंत? पैसे पडत नाय, सांगितलं होतं ना मी?"

"मला नाय पडत. तुमाला पडतात ना?" ती म्हणाली. "आमच्या पोस्टमनला इचारला मी. तो बोलला, तिकडं शेठ भरतो. मग तुमच्या जिवावर कशाला टाकू? आमचा म्हातारा रोज कानाशी ओरडायचा, टाक गो, टाक. मी नाय ऐकला. बाजारातनं बॅटरी आणली, तरी यंत्र मुका तो मुकाच."

"महादूमामा कुठे आहेत?"

"गेला," ती म्हणाली. "गोठ्यात होता. छातीत कळ आली. मी हितंच भाकरी थापत होते, पाठ तिकडं. सरितानं तिच्या शेतातनं ऐकला, धावत आली, मला हलवला, तवा कळला." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "माझाच नाव घेत होता, बोलते. लय येळ."

तिचं कार्ड येत नाही म्हणून महिपत आजवर दुकानात तिचं कौतुक सांगत होता. त्याची त्याला लाज वाटली.

"मोठा बिघाड होता का ओ?" रंभाबाईने विचारलं.

तारेच्या टोकाला मळाचा तेवढासा कण चिकटला होता. महिपतने तार मुठीत धरली.

"होय मावशी. मोठाच होता. कार्ड टाकलं असतंत तरी वेळेत दुरुस्त झाला नसता."

"तरी मी बोलले, मोठाच असंल," ती म्हणाली, आणि तिचा श्वास मोकळा झाला. कार्डांची जुडी तिने त्याच्या हातात ठेवली. "ही घ्या. एक पण खराब नाय केला. दुसऱ्या कुणाला होतील."

ती परत न्यायलाच तो आला होता, हे त्याच्याने सांगवेना. त्याने जुडी पिशवीत घातली.

कुंपणापाशी त्याने वळून पाहिलं. रंभाबाईने सूप बाजूला सारलं होतं, आणि बसायचा पाट फिरवून ती गोठ्याकडे तोंड करून बसली होती.