उपडे ड्रम

निवडणूक आली की वस्तीत ड्रम यायचे. नळ मात्र कधीच आला नाही. यंदाही उमेदवारसाहेब स्वतःचा फोटो छापलेला ड्रम घेऊन मावशींच्या दारात हजर झाले. मावशी घरोघरी कपडे धुवायला जायच्या, आणि तोंडाने भलत्याच फटकळ. भरायला पाणी नाही म्हणून उपडे पडलेले दोन जुने ड्रम त्यांनी पुढे सरकवले. दोन्ही वेगवेगळ्या पक्षांचे.

“बसा की. कुठल्या पक्षावर बसता?”

साहेब विरोधकावर ऐसपैस बसले आणि उपदेश करू लागले, “तुमच्या लोकांनी जरा अंग मोडून काम केलं, तर गरिबी कशाला राहील?”

मावशींचं डोकं फिरलं. “टँकरची वाट बघण्यात आमची सकाळ जाते. उशीर झाला की मालकीण दारातूनच परत पाठवते. अंग मोडायला आधी कामावर पोचायला तर हवं! नळ द्या, बाकीचं आमचं आम्ही बघतो.”

“बघू, बघू,” म्हणत साहेब उठले. “तोवर हा ड्रम राहू दे.”

“राहू दे की!” मावशींनी तो तिथल्या तिथे उपडा केला. फोटोतले साहेब डोक्यावर उभे राहिले. “पुढच्या खेपेला तुमचा विरोधक येईल. त्यालाही बसायला काहीतरी हवंच.”